साठ हजार आणि वरचे वीस

मूलभूत विज्ञानाच्या पदवीला मिळणाऱ्या ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीचा हिशेब सोपा आहे. वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले ६०,००० म्हणजे महिन्याला ५,००० विद्यार्थ्याच्या खर्चासाठी, आणि उरलेले २०,००० उन्हाळ्यात एखाद्या संशोधकाच्या हाताखाली सहा ते आठ आठवडे प्रकल्प करण्यासाठी. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये ही योजना आणली तेव्हापासून पैशांची ही वाटणी तशीच आहे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, कुठल्याही कॉलेजात विचारून बघा. साठ हजारांबद्दल पोरांना सगळं पाठ असतं : कधी येतात, कोणाचे आले, कोणाचे अडकले. वरच्या वीस हजारांचं नाव काढलं की एकमेकांकडे बघतात. मग एखादा सांगतो, “ते प्रोजेक्टचं असतं सर. सर्टिफिकेट लावावं लागतं.”

माझं म्हणणं असं, की खरी शिष्यवृत्ती ही वरची वीस हजारांचीच आहे. साठ हजार खोलीभाडं, मेस आणि गावाकडं जाण्या-येण्यात जातात. जाऊ देत, त्यासाठीच ते आहेत. दुष्काळी तालुक्यातल्या घरातून आलेल्या लेकरानं महिन्याच्या पाच तारखेला बापाला फोन न करणं हीच एक मोठी गोष्ट आहे. पण त्या पैशानं लेकराचं भविष्य फिरत नाही. ते फिरतं ज्या उन्हाळ्यात त्याला पहिल्यांदा असा माणूस भेटतो, ज्याला समोरच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःलाही माहीत नसतं.

आपल्याकडं, मराठवाड्यात, हे अवघड का जातं, त्याला कारणं आहेत. निजामाच्या काळात इथल्या पोराला विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं ते १९५० साली. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ मध्ये, आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ तर १९९४ चं. म्हणजे घरात आजोबा पदवीधर असणं ही इथं अजून नवलाची गोष्ट. अशा घरात शाळेतले गुरुजी माहीत असतात, क्लासवाले सर तर फारच माहीत असतात. मार्गदर्शक हा प्राणी या दोघांपेक्षा वेगळा. क्लासवाले सर प्रश्न दिसताच उत्तराची युक्ती देतात, पैसे त्याचेच असतात. मार्गदर्शक तुम्हालाच विचारतो, “तुला काय वाटतं?” आणि गप्प बसतो. बारावीला सत्त्याण्णव टक्के घेतलेलं पोरगं या एका प्रश्नानं घामाघूम होतं. त्याला वाटतं, सर परीक्षा घेतायत. परीक्षा नसते ती, सरांना खरंच विचारायचं असतं.

पण तिथवर पोचण्याआधी कागद आहेत, आणि कागदात गळती फार होते.

इन्स्पायरची पहिली अट आपापल्या बोर्डाच्या बारावीच्या निकालात त्या वर्षी वरच्या १ टक्क्यात असणं. त्या टक्क्याची गुणांची रेषा दरवर्षी आणि बोर्डाबोर्डागणिक बदलते, म्हणून मागच्या वर्षीच्या दादाचा आकडा धरून बसू नये. दुसरा रस्ता म्हणजे जेईई किंवा नीटमध्ये पहिल्या १०,००० क्रमांकात येऊनही मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेणारे. वय १७ ते २२. विषय मूलभूत आणि नैसर्गिक विज्ञानाचे : भौतिक, रसायन, गणित, संख्याशास्त्र, वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव, भूशास्त्र आणि त्यांच्या जवळचे. बायोटेक्नॉलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग, वैद्यकीय, कृषी यांचा त्यात समावेश नाही. इथंच दरवर्षी चांगली चांगली पोरं हातची जातात. गुण असतात, पण प्रवेश बीएस्सी बायोटेकला घेतलेला असतो, कारण नाव भारी वाटलं. दुसरी गळती रिपीटवाल्यांची. बारावीनंतर एक वर्ष लातुरात बसून नीट परत द्यायची, नंबर नाही लागला की मग बीएस्सी. ही शिष्यवृत्ती त्याच वर्षी बारावी होऊन त्याच वर्षी पदवीला गेलेल्यांची आहे. एक वर्ष मध्ये गेलं की दार बंद. पुन्हा प्रयत्न करू नका असं नाही, पण त्या वर्षाची ही किंमत आधी कोणी सांगत नाही म्हणून सांगितली.

आणि आपल्याकडं वरच्या एक टक्क्यातलं पोरगं बीएस्सी फिजिक्सला गेलं, की सगळी आळी घरी येऊन विचारते, “का बरं, कुठं नंबर नाही लागला का?” या प्रश्नाला आईबापांकडं उत्तर नसतं. म्हणून ते पोराला उत्तर शोधायला लावतात, आणि बहुतेकदा ते उत्तर इंजिनिअरिंग असतं.

कागदांत सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बँकेत कारकुनाला जसं सुचलं तसं. वडिलांचं नाव एकीकडं ‘ज्ञानोबा’, दुसरीकडं ‘ज्ञानदेव’. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर एकाच नावाची तीन रूपं. संगणकाला हे तिघे वेगवेगळे विद्यार्थी दिसतात. दुरुस्ती करायची तर गुणपत्रिकेकडून सुरुवात करून आधार तिच्याशी जुळवावं, उलट नको. बोर्डाची गुणपत्रिका बदलायला महिने जातात, आधार तुलनेनं लवकर बदलतं. आणि हे बारावीच्या परीक्षेआधी करावं, निकालानंतर नाही. निकालानंतर आधार केंद्रावर सगळा जिल्हाच उभा असतो.

दुसरी गोष्ट खातं. ‘आधार लिंक आहे’ असं बँकवाला म्हणतो तेव्हा तो बहुधा केवायसीबद्दल बोलत असतो. सरकारी पैसा ज्या नकाशावरून चालतो तो एनपीसीआयचा, म्हणजे बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या राष्ट्रीय महामंडळाचा, आणि त्या नकाशावर एका आधारसमोर एकच बँक असते, शेवटी जोडलेली. म्हणजे अर्जात तुम्ही ग्रामीण बँकेचा नंबर भरला, पण मधल्या काळात पीक विम्यासाठी किंवा मोबाईलवरून सहज उघडलेल्या खात्याला आधार जोडलं गेलं, तर पैसे तिकडं जातात. पैसे ‘आले नाहीत’ म्हणून फिरणाऱ्यांपैकी काहींचे पैसे असे दुसऱ्याच खात्यात पडलेले असतात. शाखेत जाऊन ‘डीबीटीसाठी (म्हणजे थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशासाठी) आधार सीडिंग कोणत्या बँकेला आहे’ असं नेमकं विचारावं. खातं अज्ञान मुलाचं म्हणून उघडलेलं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर ते सज्ञान करून घ्यावं. जनधनचं छोटं खातं असेल तर त्यातल्या रकमेच्या मर्यादेची चौकशी करावी, नाहीतर एकदम मोठी रक्कम आली की ती परत जाते. बँकांचं विलीनीकरण झालं असेल तर पासबुकावरचा आयएफएससी जुना असू शकतो.

तिसरी गोष्ट, कॉलेजचं पत्र. इन्स्पायरच्या अर्जाला प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. नमुन्यातला म्हणजे नमुन्यातलाच. कॉलेजच्या लेटरहेडवर आपल्या मनानं लिहिलेलं बोनाफाईड चालत नाही. पोरं बोनाफाईड लावतात, अर्ज परत येतो, तोवर तारीख गेलेली असते.

इंजिनिअरिंगवाल्यांचा रस्ता वेगळा. तिथं एका खिडकीत पैसे आणि दुसऱ्या खिडकीत मार्गदर्शन, अशी विभागणी आहे. पैशाच्या बाजूला एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, ‘प्रगती’ मुलींसाठी, वर्षाला ५०,००० : एआयसीटीई मान्यताप्राप्त संस्थेत पहिल्या वर्षाला किंवा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या जास्तीत जास्त दोन मुली. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असणाऱ्यांसाठी ‘सक्षम’, तीही ५०,००० चीच. दोन्ही राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून. तिथं आधी एकदाच करायची नोंदणी असते, तिचा चौदा अंकी क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण तो पदवीभर लागतो. अर्ज भरला म्हणजे काम झालं, असं नाही. तो आधी कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याकडं आणि मग वरच्या पातळीवर तपासला जातो. तपासणीत ‘डिफेक्टिव्ह’ म्हणून परत आला तर दुरुस्तीला मोजके दिवस मिळतात, आणि तो निरोप पोर्टलवर स्वतः जाऊन बघावा लागतो. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या योजना वेगळ्या. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. जूनमध्ये नवा काढायला तलाठी सापडत नाही. एप्रिलमध्येच काढावा. आणि एक सरकारी शिष्यवृत्ती चालू असताना दुसरी घेता येते का, हे त्या-त्या योजनेच्या नियमात वाचून घ्यावं. नंतर वसुलीचं पत्र आलं की ते घरच्यांना समजावणं कठीण जातं.

मार्गदर्शनाची खिडकी खासगी प्रतिष्ठानांच्या कार्यक्रमांत सापडते. रिलायन्स फाउंडेशनची पदवीची शिष्यवृत्ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमभरात मिळून २ लाखांपर्यंत देते. निवडीला ऑनलाइन चाचणी असते. तीत विषयाचं ज्ञान नसतं, इंग्रजी, तर्क आणि आकडेमोड असते. आपली पोरं आकडेमोडीत मागं नाहीत, इंग्रजीच्या उताऱ्यात वेळ जातो. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत त्यांनी एमसीक्यूशिवाय काही वाचलेलं नसतं, त्याचा हा परिणाम. काही कार्यक्रमांत कंपनीत काम करणारा इंजिनिअर तुमच्या नावे लावून देतात. शनिवार-रविवारी फोन, महिन्यातून एखादी बैठक. तिथं मार्गदर्शक अभ्यासक्रम शिकवत नाही. तो विचारतो, सेमिस्टरमध्ये काय चाललंय, बॅकलॉग का राहिला, सीव्हीत हे लिहिलंस ते खरं करून दाखव. या फोनला दोनदा दांडी मारली की तिसऱ्यांदा तो माणूस तुमच्यासाठी वेळ काढत नाही. त्यात त्याचा दोष नाही.

मार्गदर्शक स्वतः शोधायचा झाला तर कुठं जायचं? बंगळूर, दिल्ली, प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिन्यांची, विज्ञान आणि इंजिनिअरिंग दोघांनाही. अर्ज आधीच्या वर्षीच दिवाळीच्या आगेमागे निघतात. तुम्हाला काय करायचंय याचं छोटं टिपण आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, ते पत्र शिक्षकानं वेळेत द्यायचं असतं. पोरगं अर्ज भरतं, सर पत्र विसरतात, अर्ज अर्धा राहतो. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ‘नायस’ कार्यक्रम आहे, बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी. आधी शिबिर, मग निवडक मुलांना वर्ष-दोन वर्षांचा प्रकल्प. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत सुट्टीतल्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम असतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहतेय, २०२३ मध्ये केंद्रानं तिला २,६०० कोटी मंजूर केले. त्या जिल्ह्यातल्या किती बीएस्सीच्या पोरांनी त्यातल्या कुणा शास्त्रज्ञाला एक मेल टाकला असेल, हा प्रश्न मला छळतो. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी मुंबई आयआयटीच्या ‘फॉसी’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची फेलोशिप मला सगळ्यांत न्यायाची वाटते. तिथं आधी एक काम करून द्यायला सांगतात आणि त्यावर निवडतात. कॉलेजचं नाव बीड आहे की पवई, हे त्या कामावर लिहिलेलं नसतं.

आणि सगळं मुंबई-पुण्यालाच हवं असंही नाही. नांदेडच्या एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजात, परभणीच्या कृषी विद्यापीठात, दोन्ही विद्यापीठांच्या विभागांत संशोधन करणारी माणसं आहेत. इन्स्पायरच्या प्रकल्पालाही अट आहे ती मार्गदर्शक सक्रिय संशोधक असण्याची. घरून परवानगी न मिळणाऱ्या मुलीसाठी चाळीस किलोमीटरवरची प्रयोगशाळा हाच पुष्कळदा एकमेव खरा पर्याय असतो. तो कमी दर्जाचा समजायचं काही कारण नाही. मात्र ज्यांना मोठ्या संस्थेत जागा मिळाली, त्यांनी वसतिगृहाचं पत्र, मार्गदर्शकाचा कार्यालयीन नंबर आणि परतीचं तिकीट घरी दाखवावं. आईबाप मुलीला नाही म्हणत नसतात, त्यांना न दिसणाऱ्या जागेला नाही म्हणत असतात.

मेलबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं शंभरातली नव्वद पोरं पडतात. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी पॅशनेट’ अशी सुरुवात असलेला मेल प्राध्यापक दुसऱ्या ओळीपर्यंत वाचत नाहीत. एकाच मेलमध्ये तीस जणांचे पत्ते उघडे टाकले असतील तर पहिलीही वाचत नाहीत. दीडशे शब्द पुरे. विषयाच्या ओळीत वर्ष, विषय आणि कालावधी : ‘बीएस्सी द्वितीय वर्ष रसायनशास्त्र, मे-जूनमध्ये आठ आठवडे’. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण. दुसऱ्यात त्यांच्या कामातली कोणती एक गोष्ट तुम्ही वाचली आणि तुम्हाला त्यात काय कळलं नाही. हे ‘कळलं नाही’ लिहायला पोरं घाबरतात. त्याच वाक्यानं मेल वाचला जातो. मग तुम्हाला येणाऱ्या दोन-तीन गोष्टी, त्यातही खऱ्या : टायट्रेशन हातानं केलंय, पायथॉनमध्ये आलेख काढता येतो. मग नेमक्या तारखा. शिष्यवृत्तीतून प्रकल्पाचा खर्च मिळतो, हेही लिहावं, समोरच्याला हिशेब सोपा होतो. सोबत एका पानाचा परिचय आणि गुणपत्रिका पीडीएफमध्ये, फोटो काढून तिरकी पाठवू नये. नोव्हेंबर ते जानेवारीत पाठवावा. दहा-बारा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण. दुसऱ्या आठवणीनंतर थांबावं, दुसऱ्या माणसाला लिहावं. तारखांबद्दल आपल्याकडची अडचण अशी, की उन्हाळी परीक्षा कधी कधी जूनपर्यंत लांबतात आणि वेळापत्रक ऐनवेळी बदलतं. हे मेलमध्येच सांगून टाकावं. मेच्या मध्यावर ‘सर, पेपर आला’ म्हणून निघून जाणारा विद्यार्थी पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचंही दार लावून जातो.

आता आठ आठवड्यांत करायचं काय? मोठ्या विषयांच्या मागं लागून फसणारे पुष्कळ. ‘मराठवाड्यातील भूजलाचा अभ्यास’ हा विषय आठ आठवड्यांचा नाही, आठ वर्षांचा आहे. ‘एका गावातल्या बारा बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड’ हा आठ आठवड्यांचा आहे. नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या काही गावांत फ्लोरोसिस, म्हणजे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडनं होणारा आजार, जुनी ओळखीची गोष्ट आहे. पिवळे-तपकिरी डाग पडलेले दात तिथं पोरांनी लहानपणापासून पाहिलेले असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरं पाणी नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं.

काम वरवर सोपं दिसतं. बोअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवायचा, म्हणजे पाईपात साठलेलं जुनं पाणी निघून जातं. बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळबळायची आणि भरायची. बाटली प्लॅस्टिकची हवी, काचेची नको, कारण फ्लोराइड काचेला धरतं. चंचुपात्रंही प्लॅस्टिकचीच. पहिला गोंधळ इथंच होतो, कारण कॉलेजच्या प्रयोगशाळेत सगळं काचेचं असतं. मग निवडक आयनाचं, म्हणजे पाण्यातलं फ्लोराइड तेवढं ओळखणारं, इलेक्ट्रोड वापरायचं. नमुन्यात तितकंच टिसॅब नावाचं द्रावण मिसळायचं. ते सामू (पीएच) ५ ते ५.५ च्या आसपास धरून ठेवतं आणि ॲल्युमिनियम-लोखंडाच्या तावडीतून फ्लोराइड सोडवतं. सामू फार खाली गेला तर फ्लोराइड हायड्रोजनशी जोडलं जाऊन इलेक्ट्रोडला दिसत नाही, फार वर गेला तर हायड्रॉक्साइडलाच इलेक्ट्रोड फ्लोराइड समजतं. प्रमाण द्रावणासाठी, म्हणजे ज्यातलं फ्लोराइड आधीच माहीत आहे अशा तुलनेच्या द्रावणासाठी, कोरडं सोडियम फ्लोराइड २२१ मिलिग्रॅम एक लिटर पाण्यात, की लिटरला १०० मिलिग्रॅम फ्लोराइडचं द्रावण झालं. त्यातून विरळ करत ०.१ ते १० पर्यंतची मालिका. हे विष आहे, पिपेटला तोंड लावायचं नाही.

आणि मग मे महिना येतो. २५ अंशांना फ्लोराइड दहापट झालं की इलेक्ट्रोडचं वाचन ५९ मिलिव्होल्टनं बदलतं, असं पुस्तकात असतं. नांदेडला मेमध्ये, लाईट गेलेल्या खोलीत, तापमान ४० असतं. तिथं हा आकडा ६२ च्या जवळ जातो. सकाळी आठला प्रमाण द्रावणं मोजली आणि दुपारी दोनला नमुने, तर सगळी उत्तरं हललेली असतात. शिवाय चुंबकी ढवळणीची मोटर खालून तापते आणि पात्रातलं पाणी आणखी गरम करते. तिच्यावर थर्माकोलचा तुकडा ठेवायचा, हा उपाय फुकटचा आहे. एक मिलिव्होल्ट चुकलं तर उत्तर चार टक्क्यांनी चुकतं. पाच मिलिव्होल्ट चुकले तर १.५ चं १.८ होतं, नाहीतर १.२. म्हणजे तोच बोअर एका वाचनात चालवून घेण्याजोगा आणि दुसऱ्यात बंद करण्याजोगा. हे ज्या दिवशी पोराच्या ध्यानात येतं, त्या दिवशी तो सरांना न विचारता प्रमाण द्रावणं दर दोन तासांनी पुन्हा मोजायला लागतो.

इंजिनिअरिंगचं उदाहरण घ्यायचं तर ठिबकसाठी जमिनीतला ओलावा मोजणारी यंत्रणा. दरवर्षी प्रत्येक कॉलेजात दोन-तीन गट हेच करतात, आणि बहुतेक जण कुंडीतल्या मातीत दाखवून मोकळे होतात. वावरात ती चालत नाही. काळी माती वाळली की आकसते, भेगा पडतात, सेन्सरच्या भोवती हवेची पोकळी होते, आणि चार बोटं खाली ओल असताना यंत्र ‘कोरडं’ म्हणून पंप चालू करतं. स्वस्तातल्या दोन दांड्यांच्या सेन्सरमधून सतत वीज सोडली तर एक दांडी काही आठवड्यांत झिजून जाते. म्हणून वाचनापुरतीच वीज द्यायची. आणि सेन्सरच्या आकड्याला अर्थ यायला त्याच वावरातली माती आणून तोलायची, १०५ अंशांवर २४ तास भट्टीत वाळवायची, पुन्हा तोलायची. चांगला मार्गदर्शक पहिल्या दिवशी हेच करायला लावतो. पोरांना वाटतं, सर ॲप का करू देत नाहीत.

वहीबद्दलही सांगितलं पाहिजे. शिवलेली वही, पानांना आधीच क्रमांक, पेनानं, रोज तारीख आणि खोलीचं तापमान घालून. चुकलं तर एक रेघ, खालचं दिसेल अशी. पान फाडायचं नाही, व्हाइटनर लावायचं नाही. आपल्याकडं प्रॅक्टिकलचं जर्नल सुंदर अक्षरात, मागच्या वर्षीच्या जर्नलवरून, एका बैठकीत उतरवायची पद्धत आहे. त्या जर्नलला गुण मिळतात, म्हणून ती टिकली. या आठ आठवड्यांत ती सवय मोडली नाही, तर प्रकल्प फुकट गेला असं मी समजतो, मग प्रमाणपत्रावर काहीही लिहिलेलं असो. कुठल्या गल्लीत तयार अहवाल किती रुपयांत बांधून मिळतो, हे मलाही माहीत आहे आणि वाचणाऱ्यांनाही. त्या अहवालातल्या आलेखाचे बिंदू नेहमी रेषेवर अचूक बसलेले असतात. खऱ्या कामाचे बसत नाहीत.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, मार्गदर्शकासमोर एक पान घेऊन बसावं : काय केलं, काय आलं, कुठं अडलं, पुढं काय करू. अडल्याची ओळ रिकामी असेल तर त्या आठवड्यात काम झालेलं नाही, हे त्यांना लगेच कळतं. “हो सर, हो सर” करत मान डोलवून बाहेर यायचं आणि मग व्हॉट्सॲपवर सोबत्याला विचारायचं, ‘सर काय म्हणले रे?’ ही सवय आपल्या आदराच्या पद्धतीतून येते. “सर, हे समजलं नाही, पुन्हा सांगता का?” एवढं वाक्य मराठीत म्हटलं तरी चालतं. मोठमोठ्या संस्थांत मराठी माणसं असतात, आणि नसली तरी मोडक्या इंग्रजीतला नेमका प्रश्न त्यांना गुळगुळीत इंग्रजीतल्या होकारापेक्षा आवडतो.

शेवटच्या आठवड्यात मोजमाप बंद करून लिहायला बसावं. अहवाल पंधरा-वीस पानांचा पुरे : प्रश्न, पद्धत, सगळी वाचनं, त्रुटी, आलेख, आणि जे जमलं नाही ते. प्रमाणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर, मार्गदर्शकाची सही-शिक्का, कामाच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विद्यार्थ्याचं नाव गुणपत्रिकेवर आहे तसं. निघायच्या दिवशीच हातात घ्यावं. नंतर ते टपालानं मागवणं म्हणजे शिष्यवृत्तीचं पुढचं वर्ष टांगणीला लावणं, कारण नूतनीकरणाला वर्षाच्या गुणपत्रिकेसोबत हेच कागद लागतात. कच्ची वाचनं आणि वहीचे फोटो मार्गदर्शकांकडं एका फोल्डरमध्ये ठेवून यावेत. दोन वर्षांनी एमएस्सी किंवा पीएचडीच्या अर्जाला त्यांचं शिफारसपत्र मागायचं असेल, तेव्हा तीन आठवडे आधी मागावं, आणि त्या मेलमध्ये त्या उन्हाळ्यातले दोन आलेख पुन्हा जोडावेत. त्यांच्या हाताखालून दरवर्षी चार-पाच पोरं जातात. नावावरून त्यांना तुम्ही आठवणार नाही, बारा बोअरच्या आलेखावरून आठवाल.